घरचे बियाणे, यंत्राचा सूर

अंबड तालुक्यातल्या माझ्या एका भाच्याला जालन्यात ध्वनिमुद्रणाचा छोटा स्टुडिओ काढायचा आहे. दहा बाय बाराची एक खोली त्याने भाड्याने घेतली आहे, भिंतींना फोम चिकटवला आहे, एक संगणक आणला आहे. राहिला आहे तो कीबोर्ड. गेल्या दिवाळीत त्याने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्यावर तीन यंत्रांची नावे, समोर किमती. ‘‘मामा, तुम्ही इतकी वर्षं पेटी वाजवलीत. सांगा, यातलं कोणतं वर्कस्टेशन घेऊ?’’

त्या कागदावरची सर्वांत वरची किंमत लाखांच्या घरातली होती. तो पैसा कुठून येणार होता हे मला ठाऊक होते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्या थोड्या टँकरच्या पाण्यावर जगवल्या गेल्या त्यांत त्याच्या वडिलांची एक बाग होती. त्या बागेच्या उत्पन्नातून साठवलेली रक्कम आता एका काळ्या पेटीत जाणार होती. तेव्हा हा प्रश्न नुसता यंत्राच्या निवडीचा नव्हता, आणि मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. जे उत्तर नंतर सुचत गेले ते इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. तालुक्याच्या प्रत्येक गावी आज असा एक तरुण आहे.

आधी ‘वर्कस्टेशन’ म्हणजे काय ते पाहू. साध्या कीबोर्डात तयार आवाज असतात आणि सोबतीला आपोआप वाजणारे ठेके असतात. डाव्या हाताने स्वरसंघ दाबला की यंत्र स्वतःच ढोलक-गिटार वाजवू लागते. त्याला अरेंजर म्हणतात. वर्कस्टेशनचा हेतू निराळा. त्यात आवाज घडवण्याची सोय असते, अनेक वाद्यांचे पट्टे एकावर एक रचून साठवण्याचा सिक्वेन्सर असतो, प्रतिध्वनी वगैरे परिणाम असतात, आणि पुढच्या पिढ्यांत बाहेरचा ध्वनी आत घेण्याची, म्हणजे सॅम्पलिंगची, सोय आली. १९८३ साली ‘मिडी’ ही निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एकमेकांशी बोलायला लावणारी भाषा ठरली. त्याच वर्षी यामाहाचा डीएक्स-७ आला. १९८८ मध्ये कोर्गने एम-वन बाजारात आणला आणि वर्कस्टेशन ही कल्पना घरोघर पोचली. एका वेळी सोळा आवाज, आठ पट्ट्यांचा सिक्वेन्सर, आणि सगळ्या आवाजांसाठी अवघी चार मेगाबाइट स्मृती. आज फोनवरचे एखादे छायाचित्रही तेवढ्या जागेत मावत नाही. परंतु तेवढ्या स्मृतीने जगभरच्या गाण्यांचा पोत बदलला. पुढे रोलँडचा एक्सपी-८०, १९९९ चा कोर्ग ट्रायटन, २००१ चा यामाहा मोटिफ, २०११ चा कोर्ग क्रोनॉस, २०१६ चा यामाहा माँटाज अशी ही परंपरा चालत आली आहे.

या सर्व यंत्रांनी एकच आश्वासन दिले : तू एकटा पुरेसा आहेस. वीस वादक जमवायला नकोत, त्यांची बिदागी नको, त्यांच्या वेळा नकोत. मुंबईच्या चित्रपटसंगीतात या आश्वासनाची किंमत कोणी मोजली ते ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या पुस्तकात वादकांच्याच तोंडून वाचायला मिळते. मोठ्या दालनांत एकत्र बसून वाजवणारे व्हायोलिनवादक, चेलोवादक, ट्रम्पेटवादक नव्वदच्या दशकात हळूहळू घरी बसले. अर्थात हे एकट्या यंत्राने केले असे म्हणणे अपुरे ठरेल. अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत, बदलती रुची, निर्मात्यांचा हिशेब, हे सारे त्यात होते. तरीही यंत्राशिवाय ते इतक्या वेगाने झाले नसते.

इथे कोणी म्हणेल की हा परक्या यंत्राविरुद्धचा जुनाच विलाप आहे. तसा तो होऊ नये म्हणून एक जुने भांडण आठवणे बरे. मी ज्या पेटीवर हात बसवला ती तरी आपली कुठे होती? अलेक्सांद्र दबँ या फ्रेंच कारागिराने १८४२ मध्ये पॅरिसला तिचे स्वामित्व घेतले. कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून तिला हाताच्या भात्याची केली आणि ती जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्यांची झाली. मराठी संगीत रंगभूमीने तिला आणि पायाच्या ऑर्गनला असे आपलेसे केले की त्यांच्याशिवाय नाट्यपद कानांना उघडे वाटावे. १९११ च्या ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक होते.

परंतु त्याच काळात सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल पेटीच्या स्वरांवर असमाधानी होते. बारा समान भागांत कापलेले सप्तक आपल्या गाण्याला पुरत नाही, हे त्यांनी नुसते म्हटले नाही, मोजून दाखवले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचे साह्य घेतले, आणि श्रुतींची पेटी लंडनच्या कारागिराकडून बनवून घेतली. आकाशवाणीने मात्र निराळा मार्ग धरला. १ मार्च १९४० पासून पेटीला बंदीच घातली, आणि ती उठायला १९७१ साल उजाडले. तीन दशके पेटी सरकारी ध्वनिक्षेपकापुढे आली नाही; देवळांत, तमाशांत, कीर्तनांत आणि घराघरांत मात्र ती वाजतच राहिली.

मला या भांडणातून एक गोष्ट शिकण्याजोगी वाटते. बंदी घालणाऱ्यांचा कान चुकीचा नव्हता, त्यांचा उपाय चुकीचा होता. तक्रार खरी होती : तंबोऱ्याचा खर्ज नीट लागला की त्यातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो पेटीच्या गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंटनी खाली असतो. शंभर सेंटचा एक अर्धस्वर धरला तर हा फरक किरकोळ नाही. तयार कानाला तो खुपतो. पण यंत्राला दाराबाहेर काढून तो प्रश्न सुटला नाही. देवलांनी यंत्राला आपला कान शिकवण्याचा प्रयत्न केला. त्यांची पेटी सर्वत्र पसरली नाही, तरी वाट तीच खरी होती. आपल्याच काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी घडवून ती वाट पुन्हा चालून दाखवली. वर्कस्टेशन निवडतानाचा माझा पहिला निकष इथूनच येतो : हे यंत्र आपला कान शिकायला तयार आहे का?

आता व्यवहाराकडे येऊ. जालन्याच्या छोट्या स्टुडिओत काय ध्वनिमुद्रित होते? भजनी मंडळांचे अभंग, भीमजयंतीची गाणी, गणपती-नवरात्रीच्या आरत्या, जागरण-गोंधळाची पदे, लग्नातली गाणी, एखाद्या उमेदवाराच्या प्रचाराचे गीत, आणि दुकानाची रिक्षावरून फिरणारी जाहिरात. या यादीत पियानोच्या अस्सल नादाला स्थान किती? जाहिरातीतली यंत्रे मात्र पियानोपासून सुरुवात करतात. अठ्ठ्याऐंशी जड पट्ट्या ज्याला पियानो शिकायचा आहे त्याच्यासाठी आहेत. पेटीवर वाढलेल्या हाताला एकसष्ट हलक्या पट्ट्या पुरतात, आणि त्या जागा व पैसा दोन्ही वाचवतात.

दुसरी गोष्ट पट्टीची. आपल्याकडे गायक आला की पहिला प्रश्न ‘‘पट्टी कोणती?’’ हाच असतो. काळी दोन, पांढरी चार, काळी पाच. ट्रान्सपोजची कळ हाताशी आहे की तीन पडदे उलटून शोधावी लागते, हे दुकानात उभे राहून पाहिले पाहिजे. मनमोकळा गाणारा खेड्यातला माणूस कीबोर्डवाल्याची सोय म्हणून स्वतःचा गळा वर ताणतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. यंत्र माणसाच्या पट्टीत यावे, माणूस यंत्राच्या नव्हे.

तिसरी गोष्ट स्वर सरकवण्याची. बहुतेक वर्कस्टेशनांत सप्तकातल्या बाराही स्वरांना काही सेंट वर-खाली करण्याची सोय असते; तिला कुठे ‘स्केल ट्यून’ म्हणतात, कुठे ‘मायक्रो ट्यूनिंग’. अरबी संगीताच्या बाजारासाठी कंपन्यांनी खास ‘ओरिएंटल’ कीबोर्ड काढले आणि ही सोय थेट वरच्या पट्टीवर आणून ठेवली, कारण तिथल्या वादकांनी ती मागितली. भारतासाठी यामाहाने पीएसआर-आय मालिका काढली; तिच्यात तबला आला, सतार आली, भारतीय ठेके आले. आपण वाद्यांचे आवाज मागितले, स्वरांचे स्थान मागितले नाही. हा दोष कंपन्यांचा म्हणावा की आपला? गांधार चौदा सेंट उतरवून एक अभंग रचून पाहावा, तंबोऱ्याशी तो कसा मिसळतो ते ऐकावे, मग ही सोय किती मोलाची ते कळते. मींडेसाठी असलेल्या चाकाचेही तेच. ते मूळ नेमणुकीत दोन अर्धस्वर सरकते. त्याची मर्यादा वाढवता येते, आणि ते मनगटाला कसे लागते हे ज्याचे त्याने ठरवायचे. यामाहाचे चाक, रोलँडचा आडवा दांडा आणि कोर्गची काडी या तीन निरनिराळ्या सवयी आहेत. कागदावरच्या तुलनेत ही गोष्ट कधीच दिसत नाही.

चौथी गोष्ट वीज, धूळ आणि दुरुस्ती. जालन्याच्या उन्हाळ्यात बंद खोलीत यंत्र तापते. वीज मध्येच जाते. संगणकावरचे काम न साठवता गेले तर ते गेलेच. क्रोनॉससारखी मोठी यंत्रेही आतून संगणकच असतात, आणि वीज आल्यावर जागी व्हायला काही मिनिटे घेतात. तेवढ्यात गायकाचा सूर निवतो. जुने यंत्र घेणार असाल तर पट्ट्यांखालचे रबर, पडद्याचा उजेड आणि आतली नाण्याएवढी बॅटरी आधी पाहावी. ती संपली की वर्षानुवर्षे साठवलेले आवाज पुसले जाऊ शकतात. एक्सपी-८० किंवा पहिला ट्रायटन स्वस्तात मिळतो, पण त्यांची साठवण फ्लॉपीवर. आज फ्लॉपी कुठून आणणार? आणि पट्टी तुटली तर ती कोण बदलून देईल, किती दिवसांत, हे विकत घेण्याआधी विचारावे. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला यंत्र पाठवून महिनाभर स्टुडिओ बंद ठेवणे ज्याला परवडते त्यानेच हा प्रश्न सोडून द्यावा.

पाचवी गोष्ट अप्रिय आहे, पण सांगितली पाहिजे. आज स्टुडिओत वर्कस्टेशन लागतेच असे नाही. संगणक आहे, तर साधा मिडी कीबोर्ड जोडून आवाज संगणकातले वापरता येतात. ज्या एम-वनने हे युग सुरू केले त्याची संगणकावर चालणारी आवृत्ती खुद्द कोर्गनेच काढली आहे. वर्कस्टेशनचा आजचा खरा उपयोग दोन ठिकाणी : एक, जिथे तेच यंत्र रात्री कार्यक्रमाला मंचावर न्यायचे आहे, आणि दोन, ज्याचा हात पडद्यावरच्या बाणापेक्षा पट्टीवर अधिक वेगाने विचार करतो त्याच्यासाठी. माझा भाचा दुसऱ्या जातीचा आहे, हे मी मान्य करतो.

इतके निकष सांगून झाल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. त्यासाठी मला आमच्या जिल्ह्याच्याच एका धंद्याकडे वळावे लागते.

जालना हे बियाण्यांचे शहर आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको स्थापन केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. संकरित बियाण्याने उत्पादन वाढले, हे आमच्या भागातला कोणताही शेतकरी नाकारणार नाही. पण त्या बियाण्याची एक अट असते. त्याच्या पिकातले दाणे पुढच्या वर्षी पेरले तर तेच पीक उगवत नाही. दर हंगामाला नवे पाकीट घ्यावे लागते. आमच्या आजीच्या पिढीकडे राखेत घोळून मडक्यात ठेवलेले बियाणे असे. ते उतारा कमी देई, पण ते तिचे असे, आणि आमच्या मातीला ते ओळखत असे.

कीबोर्डच्या बाजारात आज नेमके हेच चालले आहे. वाद्यवृंदांत आणि बँजो पार्ट्यांत रोलँडच्या एक्सपीएस मालिकेचे कीबोर्ड सर्रास दिसतात. दुकानदार पेन ड्राइव्हवरून त्यांत ‘टोन’ भरून देतो : शहनाई, बासरी, ढोलकी, संबळसुद्धा. तो संबळ कोणाचा? कुठे वाजला? कोणी वाजवला? कोणालाच ठाऊक नसते. तोच एक संबळ मग कोल्हापूरच्या गाण्यातही वाजतो, नागपूरच्याही आणि जालन्याच्याही. पीक एकसारखे, टपोरे, पाकिटावरच्या चित्रासारखे.

खरा संबळ कसा असतो? दोन तोंडांची जोडी, एक चढे, एक उतरते. गोंधळी तो कमरेला बांधून उभ्याने वाजवतो, आणि टोकाला वळलेल्या काठीने उतरत्या तोंडावर घुमारा काढतो. तो घुमारा गोंधळी पदातल्या शब्दाप्रमाणे लांबवतो, आखडतो; चामडे दमट हवेत बसले तर शेकून घेतो. दिवटीच्या उजेडात देवीला पाचारण करताना लय किंचित पुढे सरकते, आणि कथेला सुरुवात झाली की मागे येते. सिक्वेन्सर ही सरक ‘चूक’ समजतो. त्यात एक कळ असते. ती दाबली की प्रत्येक ठोका काटेकोर रेघेवर जाऊन बसतो. त्या कळीने काय दुरुस्त केले आणि काय मारले, हे ऐकू येणारा कान ज्या खोलीत आहे तोच स्टुडिओ. बाकी ते पाकिटे फोडायचे दुकान.

मी हे सारे भाच्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि जे उत्तर दिले ते मला अजून सलते. ‘‘मामा, तुमचं बरोबर आहे. पण गिऱ्हाईक एका गाण्याला जे देतं त्यातलं निम्मं संबळवाल्याला गेलं तर खोलीचं भाडं कशातून देऊ? आणि पेन ड्राइव्ह नव्हता तेव्हा माझ्यासारख्याला गाणं रेकॉर्ड करणं परवडलं असतं का?’’

त्याचे म्हणणे खोटे नाही. स्वस्त यंत्राने फार मोठी दारे उघडली आहेत. ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली तेव्हा ज्यांना रेडिओने दार उघडले नव्हते त्या लोकगायकांचे, भीमशाहिरांचे आवाज गावोगाव पोचले. मोठा वाद्यवृंद ही ज्यांची कधीच ऐपत नव्हती, त्यांच्या गाण्याला कीबोर्डने अंग दिले. वादकांची नोकरी गेली म्हणून रडणाऱ्यांनी, ज्यांना त्या दालनात कधी प्रवेशच नव्हता त्यांचाही हिशेब मांडला पाहिजे. यंत्राने एकट्या माणसाच्या हातून अपूर्व काही घडू शकते याचाही दाखला मुंबईतच आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तीन रोलँड यंत्रे घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. तेव्हा त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २०१० मध्ये ती तबकडी पुन्हा निघाली आणि जग थक्क झाले. उलट, ज्यांना सर्व यंत्रे हाताशी होती त्या अजय-अतुल यांनी ‘सैराट’साठी (२०१६) हॉलिवुडच्या दालनात जिवंत वाद्यवृंद बसवला. म्हणजे यंत्र परवडणारा माणसांकडे वळतो, आणि माणसे न परवडणारा यंत्राकडे. यात सौंदर्यदृष्टीपेक्षा खिशाचा भाग मोठा आहे, हे कबूल केल्याशिवाय या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मलाही नाही.

तरीही दोन्ही टोकांच्या मधे एक जागा आहे असे मला वाटते, आणि ती यंत्राच्याच एका सोयीत आहे : सॅम्पलिंग. पाकिटातला संबळ घेण्याऐवजी आपल्या तालुक्यातल्या गोंधळ्याला दोन दिवस बोलवावे. हलका ठोका, मधला, जोरकस; घुमारा आखूड, लांब; शेकण्याआधीचा आणि नंतरचा. प्रत्येकाचे चार-पाच नमुने घ्यावेत, म्हणजे एकच ठोका पुन्हापुन्हा वाजून कान कंटाळणार नाही. असेच तुणतुणे, दिमडी, हलगी. हे घरचे बियाणे. ते दुसऱ्या कोणाच्या यंत्रात नसेल.

यात एक मोठा धोकाही आहे आणि तो लपवू नये. एकदा साठवलेला ठोका हजार गाण्यांत वाजतो, आणि वाजवणाऱ्याला बिदागी मिळते एकदाच. मग आपण गोंधळ्याचे बियाणे घेऊन त्यालाच शेतातून उठवले असे होईल. प्रताधिकार कायद्यात १९९४ साली कलावंतांच्या सादरीकरणाचे हक्क आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातल्या स्वामित्वधनाचा हक्कही स्पष्ट झाला. पण स्टुडिओच्या खोलीत कायदा स्वतःहून येत नाही. त्याला कागदावर बोलवावे लागते. किती गाण्यांत वापरला, त्यामागे किती द्यायचे, मोठी सुपारी आली तर त्यालाच बोलवायचे, आणि त्याचे नाव द्यायचे, एवढे एका पानावर लिहिले तरी पुष्कळ झाले.

शेवटी मी भाच्याला जे सुचवले ते असे. यादीतले सर्वांत महाग यंत्र घेऊ नकोस. सॅम्पलिंग आणि स्वर सरकवण्याची सोय असलेले, एकसष्ट पट्ट्यांचे, दुरुस्ती जवळ होईल असे मधल्या किमतीचे यंत्र घे, वापरलेले चालेल. वाचलेल्या पैशातून एक चांगला मायक्रोफोन आणि एक यूपीएस घे. उरलेल्यातून गोंधळ्याचे दोन दिवस. आणि दत्तजयंतीला अंबडच्या संगीतोत्सवात पुढे बसून नुसता तंबोरा ऐक. यंत्र काय शिकवायचे ते तिथे कळेल.

त्याने यंत्र घेतले, मायक्रोफोन घेतला. यूपीएस उधारीवर आला. गोंधळ्याचे दोन दिवस अजून व्हायचे आहेत. ‘‘लग्नसराई संपू द्या, मामा,’’ असे तो म्हणतो. परवा त्याने नवे गाणे ऐकवले. संबळ पेन ड्राइव्हवरचाच होता. पण गांधार मात्र उतरलेला होता, बरोबर जिथे असायला हवा तिथे.